सही घेणारा सैनिक

अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते. आपल्याकडे ३१ मार्चच्या सुमारास बँकांत जी धांदल उडते ती ज्यांनी आतून पाहिली आहे, त्यांना तिकडच्या लष्करी भरती केंद्रांत सप्टेंबरअखेरीस काय चालत असेल हे फार समजावून सांगावे लागणार नाही. आम्ही ठेवींचा आकडा गाठत होतो, ते माणसांचा गाठतात. २०२२ साली अमेरिकेच्या भूदलाने ६० हजार नव्या सैनिकांचे उद्दिष्ट ठेवले होते. हाती आले सुमारे ४५ हजार, म्हणजे चारातला एक कमी. पुढच्या वर्षी उद्दिष्ट ६५ हजारांचे केले आणि ते सुमारे १० हजारांनी हुकले. मग २०२४ साली उद्दिष्टच ५५ हजारांवर आणले आणि ते गाठल्याचा आनंद साजरा झाला. (आकडा गाठता येत नसेल तर आकडाच खाली ओढावा, ही युक्ती बँकेतल्या माणसाला नवी नाही.) २०२५ साली मात्र ६१ हजारांचे उद्दिष्ट वर्ष संपायच्या चार महिने आधीच, जूनच्या सुरुवातीला पुरे झाले.

या चढउतारांवर तिकडे पुष्कळ लिहून आले. तरुण पिढी लठ्ठ झाली, देशप्रेम आटले, लष्कर फार पुरोगामी झाले, लष्कर पुरेसे पुरोगामी झाले नाही. ज्याला जे म्हणायचे होते ते त्याने या आकड्यांच्या तोंडून वदवून घेतले. २०२५ मध्ये आकडे वधारले तेव्हा श्रेय घ्यायलाही राजकारणी पुढे सरसावले. मला मात्र कुतूहल आहे ते या आकड्यांच्या तळाशी बसलेल्या माणसाचे. एखाद्या उपनगरातल्या दुकानांच्या ओळीत, पिझ्झाचे दुकान आणि केस कापायचे दुकान यांच्या मध्ये, काचेच्या दाराआड टेबल मांडून बसलेल्या गणवेशातल्या सार्जंटचे.

हे कुतूहल निव्वळ अभ्यासाचे नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा नातू सध्या त्या खुर्चीत बसावे की नाही याचा विचार करतो आहे.

माझा भाचा १९९८ साली संगणकाच्या कामासाठी न्यू जर्सीला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचा हा मुलगा तिकडे जन्मलेला. मराठी त्याला समजते, बोलतो तेव्हा नामे इंग्रजी आणि 'केलं', 'झालं' एवढे मराठी. सहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या खर्चाला हातभार म्हणून तो भूदलाच्या राखीव दलात गेला, तेव्हा घरात चार दिवस कुणी धड जेवले नव्हते. मग सवय झाली. महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायत, वर्षातून दोन आठवडे शिबिर, बाकीचे दिवस एका मालवाहतूक कंपनीत नोकरी. आता तो सार्जंट आहे, लग्न झाले आहे, घरात मूल येणार आहे. आणि त्याला विचारणा झाली आहे की, राखीव दलातच राहून पूर्ण वेळ भरतीचे काम करशील का? पगार लष्कराचा, घरच्या सर्वांचा दवाखाना लष्कराच्या खर्चाने, आणि अशी पूर्ण वेळ सेवा वीस वर्षे झाली की लगेच पेन्शन. साध्या राखीव सैनिकाला पेन्शनसाठी साधारणपणे साठीपर्यंत थांबावे लागते. हे सगळे सांगून झाल्यावर तो फोनवर म्हणाला, "आजोबा, तुम्ही बँकेत टार्गेट्स केलीत ना? मग सांगा, हे करून माणूस चांगला राहू शकतो का?"

प्रश्न साधा आहे. उत्तर देण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने सक्तीची भरती केली आणि त्या सक्तीने तो देश घरोघर दुभंगला. सक्ती नसावी, लष्कर पगारी आणि स्वेच्छेचे असावे, अशी शिफारस थॉमस गेट्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९७० साली केली. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले मिल्टन फ्रीडमन या आयोगाचे एक सदस्य होते, हे ध्यानात घेतले की त्या शिफारशीमागचा विचार कळतो. सैनिकी पेशा हाही एक बाजार आहे, योग्य दाम द्या, माणसे येतील. १९७३ साली सक्ती संपली. तेव्हापासून अमेरिकेला प्रत्येक सैनिक 'मिळवावा' लागतो. जाहिरात करावी लागते, शाळांत टेबल लावावे लागते, बक्षीस द्यावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये सहा वर्षांच्या करारासाठी ५० हजार डॉलरपर्यंतचे बक्षीस भूदलाने जाहीर केले. २००२ पासून लागू असलेल्या शिक्षणविषयक कायद्याने, सरकारी मदत घेणाऱ्या माध्यमिक शाळांना आपल्या विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि फोन नंबर मागितल्यास भरती अधिकाऱ्यांना द्यावे लागतात. पालकांनी लेखी नकार दिला तरच त्यातून सुटका. किती पालक असा नकार लिहून देतात कोण जाणे! आपल्याकडे शाळेच्या सूचना दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेल्या असतात, तिकडेही मुले मुलांसारखीच असणार.

एवढे करून हाताशी येणारा समूह किती? पेंटॅगॉनच्या २०२० सालच्या पाहणीनुसार १७ ते २४ वयाच्या तरुणांपैकी केवळ २३ टक्के जण कोणत्याही सवलतीशिवाय भरतीस पात्र ठरतात. बाकीचे वजन, अमली पदार्थ, शारीरिक वा मानसिक आजार, शिक्षण किंवा पोलिसांतली नोंद अशा कुठल्या ना कुठल्या चाळणीत गळतात. आणि या पात्रांपैकी लष्करात जावे असे ज्यांना वाटते ते तर फारच थोडे. म्हणून ऑगस्ट २०२२ पासून दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट जॅक्सन येथे एक तयारी वर्ग सुरू झाला. वजन थोडे जास्त असलेली किंवा लेखी परीक्षेत थोडी मागे पडलेली मुले तिथे ९० दिवसांपर्यंत राहतात, वजन उतरवतात, अभ्यास करतात आणि मग सैनिक होतात. २०२४ साली भूदलात आलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश याच दाराने आले. २०२५ साली खालच्या हुद्द्यांवरच्या सैनिकांना साडेचौदा टक्के पगारवाढ मिळाली. भाषणांपेक्षा या दोन गोष्टींनी आकडा अधिक उचलला असावा, असे माझे बँकेतले डोके मला सांगते. माणूस नोकरी घेताना पगार पाहतो, आणि दार जरा रुंद केले की जास्त जण आत येतात. यात देशप्रेमाचा अपमान नाही.

आता त्या खुर्चीकडे येऊ.

भरती अधिकाऱ्याचे प्रशिक्षण केंटकीतील फोर्ट नॉक्सला होते. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला फोर्ट नॉक्स म्हटले की अमेरिकेच्या सोन्याची तिजोरी आठवते. तिथेच भरतीचे मुख्यालय आणि भरतीचे विद्यालयही आहे, हे मला या निमित्ताने कळले. तिथे सैनिकाला बोलायला शिकवतात. शाळेच्या समुपदेशकाशी कसे बोलावे, आईशी कसे बोलावे, 'विचार करून सांगतो' म्हणणाऱ्या मुलाला पुन्हा फोन कधी करावा. मग त्याला एक केंद्र मिळते आणि महिन्याचा आकडा मिळतो. या आकड्याला ते 'मिशन' म्हणतात. टार्गेटला मिशन म्हटले की ते चुकवणे हे पाप वाटू लागते, हा शब्दांचा खेळ आमच्या मुख्य कार्यालयालाही सुचला नव्हता.

मुलाने सही केली, शपथ घेतली, तरी तो लगेच छावणीत जातोच असे नाही. शाळा संपायची असते, प्रशिक्षणाची जागा रिकामी व्हायची असते. हा काळ काही आठवड्यांपासून वर्षापर्यंतचा असू शकतो. या मधल्या काळात मुलाचे मन बदलले तर तो शिक्षेशिवाय माघार घेऊ शकतो. पण मुलगा फिरला की तो भरती अधिकाऱ्याच्या हिशेबातून वजा होतो आणि त्याची भरपाई करावी लागते. म्हणजे ज्याने मुलाला 'तू अजून मोकळा आहेस' हे सांगायचे, त्याचेच नुकसान ते सांगण्यात आहे. माघार घेतलीस तर तुरुंगात जाशील, अशी धमकी मुलांना दिल्याचे प्रकार तिकडे उघडकीस आलेले आहेत. ती माणसे जन्मजात दुष्ट होती असे मला वाटत नाही. सप्टेंबर जवळ आला होता.

२००५ साली कोलोराडोतल्या एका सतरा वर्षांच्या शाळकरी पत्रकाराने शाळा सोडलेला, अमली पदार्थ घेणारा मुलगा असल्याची बतावणी करून भरती केंद्राची परीक्षा पाहिली. त्याला खोटे प्रमाणपत्र मिळवण्याचा आणि तपासणीआधी शरीर 'स्वच्छ' करण्याचा मार्ग दाखवण्यात आला. हे संभाषण त्याने ध्वनिमुद्रित केले होते. त्यानंतर त्याच वर्षी २० मे रोजी भूदलाने देशभरातले भरतीचे काम एक दिवस थांबवून अधिकाऱ्यांना नीतिनियमांची उजळणी करायला लावली. इराकचे युद्ध ऐन भरात होते, मुले येत नव्हती, आणि आकडा खाली येत नव्हता. याची दुसरी बाजू ह्यूस्टनमध्ये दिसली. तिथल्या एकाच भरती तुकडीतल्या चार अधिकाऱ्यांनी २००५ ते २००८ या काळात आत्महत्या केल्या. युद्धावरून परतलेली माणसे भरतीच्या कामावर लावली जात आणि दिवसाचे बारा-चौदा तास आकड्यामागे धावत. चौकशीत कुठलेही एकच कारण निघाले नाही. कामाचा ताण, वरिष्ठांची वागणूक, घरची मोडलेली नाती असे सगळेच निघाले. फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा एकदा एक दिवस काम थांबले.

मी बँकेत असताना कर्जमेळाव्यांचा काळ पाहिला आहे. एका तालुक्याच्या शाखेला अमुक इतकी म्हशींची कर्जे वाटायचा आकडा यायचा. काही गावांत म्हशींपेक्षा कर्जे जास्त झाली होती, हे आज विनोद म्हणून सांगितले जाते. त्या वेळी तो विनोद नव्हता. मला आठवतो तो एक शाखाधिकारी. अर्जदाराच्या घरी जाऊन आल्यावर तो म्हणाला, "या माणसाला म्हैस नको. याच्याकडे चारा नाही, पाणी नाही. वर्षभरात म्हैस जाईल आणि कर्ज राहील." तो अक्षरशः खरे बोलत होता. आढावा बैठकीत त्याची गणना 'नकारात्मक वृत्तीचे अधिकारी' या सदरात झाली. कर्ज फिटले की नाही हे तीन वर्षांनी कळते, वाटपाचा आकडा मात्र महिनाअखेरीस लागतो. जे लवकर मोजता येते त्यालाच बक्षीस मिळते. भरतीतही सही आज मोजली जाते. तो मुलगा दोन वर्षांनी कुठल्या अवस्थेत आहे, हे सही घेणाऱ्याच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

राखीव सैनिकाच्या बाबतीत हा तिढा आणखी अवघड होतो, कारण तो त्याच गावात राहतो. नेहमीचा सैनिक तीन वर्षे भरतीचे काम करून दुसऱ्या छावणीत निघून जातो. राखीव सैनिक तिथल्याच किराणा दुकानात, तिथल्याच देवळात, मुलांच्या त्याच फुटबॉलच्या मैदानावर पुढची वीस वर्षे दिसणार असतो. ही गोष्ट लष्कराच्याही लक्षात होती. २००५ साली नॅशनल गार्डने, म्हणजे राज्यांच्या गव्हर्नरांच्या अखत्यारीतल्या अर्धवेळ दलाने, एक योजना काढली. गार्डच्या सैनिकाने ओळखीच्या कुणाला भरतीसाठी आणले तर त्याला दोन हजार डॉलरपर्यंत मिळत. निम्मे करार झाल्यावर, निम्मे मुलगा प्रशिक्षणाला रवाना झाल्यावर. आपल्याकडच्या पिग्मी एजंटची आठवण यावी अशी ही व्यवस्था. पिग्मी एजंट यशस्वी का होतो? तो दुकानदाराच्या ओळखीचा असतो म्हणून. गार्डची तूट या योजनेने भरून निघाली. राखीव दलातही तशीच योजना आली.

मग जे व्हायचे ते झाले. जी मुले आपण होऊन भरती केंद्रात आली होती, त्यांच्या नावावरही कुणीकुणी दलाली उचलली. काही ठिकाणी भरती अधिकारी आणि हे अर्धवेळ एजंट यांनी पैसे वाटून घेतले. ३० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाल्यावर २०१२ साली योजना बंद पडली. २०१४ साली सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली. आणि मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तपास यंत्रणेने हजारो सैनिकांच्या मागे ससेमिरा लावला. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये लष्करालाच कबूल करावे लागले की, शेकडो सैनिकांची नावे गुन्हेगारीच्या नोंदीत चुकीने गेली होती. दरम्यान कुणाची बढती हुकली, कुणाला नोकरी मिळाली नाही, कुणी मुदतीआधीच निवृत्त झाले. नियमात बसणारे दोन हजार डॉलर घेतले, एवढाच त्यांतल्या अनेकांचा अपराध होता. ज्याने योजना आखली तो यात कुठे दिसत नाही. आपल्याकडेही कर्ज बुडाले की चौकशी शिफारस करणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याची होते, मेळावा भरवणाऱ्याची नाही.

आमच्या नातवाने हे सारे वाचले आहे. तो म्हणतो, आता तसे नाही. ते काही अंशी खरे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये भूदलाने भरतीच्या कामाची पुनर्रचना जाहीर केली. या कामासाठी वेगळे, कायमचे तज्ज्ञ निवडायचे आणि केवळ शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांवर विसंबून न राहता कॉलेजात शिकलेल्या, नोकरी केलेल्या तरुणांकडेही वळायचे, असे ठरले. मनाविरुद्ध या खुर्चीत आलेल्यांपेक्षा आवडीने आलेला माणूस बरा, हे मान्य. पण राखीव दलाची गोष्ट वेगळी आहे. २०२४ साली मुख्य भूदलाने आकडा गाठला तेव्हाही राखीव दल मागेच राहिले होते. त्यामुळे त्यांना नातवासारखी माणसे हवी आहेत, आणि का हवी आहेत हेही उघड आहे. तो सोमवारी कंपनीत जातो आणि शनिवारी गणवेश घालतो. दोन्ही जमते, हे त्याच्याकडे पाहून कळते. समोरच्या मुलाला आणखी कुठला पुरावा हवा?

इथे एक विचित्र गोष्ट आहे, आणि ती त्याच्या लक्षात आली नव्हती. ही नवी नोकरी घेतली की तो राखीव सैनिक म्हणून जगणे सोडणार. कंपनीतली नोकरी जाणार, सोमवारही लष्कराचा होणार. ज्या जगण्याची महती तो मुलांना सांगणार, तेच त्याने पगार, दवाखाना आणि पेन्शन यांच्यासाठी सोडलेले असेल. स्वतःच्या ठेवी काढून घेऊन लोकांकडे ठेवी मागायला जाणारा शाखाधिकारी मी पाहिलेला नाही. त्याला हे बोललो तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मी खोटं नाही सांगणार. मी सहा वर्षं केलंय हे." तेही खरेच. सहा वर्षांचे भांडवल त्याच्याकडे आहे. ते किती वर्षे पुरेल, हा प्रश्न आहे.

अर्धवेळ म्हणजे अर्धा धोका, असे बऱ्याच घरांत समजतात. २८ जानेवारी २०२४ रोजी जॉर्डनमधल्या एका छोट्या तळावर ड्रोन येऊन आदळले आणि तीन अमेरिकी सैनिक ठार झाले. तिघेही जॉर्जिया राज्यातल्या राखीव दलाच्या एका अभियंता तुकडीतले होते. भरतीच्या टेबलावर 'महिन्यातला एक शनिवार-रविवार' हे शब्द उच्चारताना जॉर्डनही उच्चारले जाते का?

आणि कराराची ती आठ वर्षे. चार वर्षे, सहा वर्षे, जो आकडा मोठ्याने सांगितला जातो, तो संपला म्हणजे सारे संपले असे मुलाला वाटते. पण पहिल्यांदा भरती होणाऱ्याची एकूण बांधिलकी साधारणपणे आठ वर्षांची असते. उरलेली वर्षे त्याचे नाव एका वेगळ्या राखीव यादीत राहते. कवायत नाही, पगार नाही, पण हाक आली तर जावे लागते. २००४ साली इराकच्या युद्धासाठी या यादीतल्या हजारो माणसांना बोलावणी गेली. लष्कर सोडून नोकरीधंद्याला लागलेली, संसारात रमलेली माणसे पुन्हा बूट शोधू लागली. हे कलम करारात लपवलेले नाही, छापलेले आहे. जामीनदाराच्या जबाबदारीचे कलमही आमच्या कर्जाच्या कागदांवर छापलेलेच असे. "नावापुरती सही आहे रे, कर" असे म्हणत मित्र मित्राला शाखेत घेऊन यायचा. सही करणारा वाचत नसे, आणि वाचून दाखवणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसे. पाच वर्षांनी नोटीस गेली की तो धावत यायचा आणि म्हणायचा, "साहेब, कर्ज त्याचं आहे."

आपल्याकडे ही खुर्ची वेगळी आहे. माझी काही वर्षे सातारा जिल्ह्यात गेली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनसाठी माजी सैनिकांची रांग लागायची. त्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि 'अपशिंगे मिलिटरी' हेच आज त्या गावाचे नाव झाले आहे. अशा गावांत मुलाला लष्कर 'विकावे' लागत नाही. आजोबांचा फोटो भिंतीवर असतो, ते पुरते. अमेरिकेतही भरती होणाऱ्यांपैकी पाचातल्या साधारण चौघांच्या घरात कुणीतरी सैन्यात होते असे आढळते. फरक इतकाच की तिकडे अशी घरे कमी होत चालली आहेत, आणि इकडे एका जागेसाठी मैदानावर रांगा लागतात. आपला भरती अधिकारी 'ये' म्हणत नाही, 'जा' म्हणतो. म्हणून इकडचा भ्रष्टाचारही उलट्या दिशेने वाहतो. तिकडे मुलाला आत ओढण्यासाठी कागद रंगवले गेले, इकडे आत शिरण्यासाठी पैसे मोजले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेपर फुटल्यामुळे लष्कराची देशभरातली भरती परीक्षा रद्द करावी लागली, तो तपास पुण्यातच सुरू झाला होता. जून २०२२ पासून अग्निपथ योजनेत मुलगा चार वर्षांसाठी जातो आणि चारातला एकच पुढे ठेवला जाईल असे ठरले. वाचून घ्यायचे कलम प्रत्येक देशात वेगळ्या पानावर असते, एवढेच.

दुसऱ्याच्या मुलाला 'लढायला जा' म्हणणे किती अवघड असते, याचा अनुभव आपल्याकडे एका फार मोठ्या माणसाने घेतला आहे. १९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात गावोगाव ब्रिटिश फौजेसाठी सैनिक मिळवत हिंडले. काही महिन्यांपूर्वी सारावसुलीविरुद्धच्या लढ्यात ज्या लोकांनी त्यांना फुकट बैलगाड्या दिल्या होत्या, तेच लोक आता पैसे देऊनही गाडी देईनात. अहिंसा सांगणारा माणूस हत्यार धरायला कसे सांगतो, असे लोक विचारत. नावे मोजकीच मिळाली. ऑगस्टमध्ये गांधीजी आजारी पडले आणि नोव्हेंबरात युद्धच संपले. त्याच सुमारास लोकमान्य टिळकांनी गांधीजींना ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवल्याची हकिकत चरित्रकारांनी दिली आहे. हिंदी माणसाला फौजेत अधिकारपदे मिळतील असे वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिल्यास ही रक्कम जप्त, असा तो सौदा होता. गांधीजींनी धनादेश परत केला, त्यांना त्यात पैजेचा वास आला. दोघांत थोर कोण हा वाद मला घालायचा नाही. पण माझ्यातल्या बँकवाल्याचा कल टिळकांकडे जातो. त्यांनी आधी विचारले, जाणाऱ्याला काय मिळणार? आणि आपला शब्द खोटा ठरला तर स्वतःचे पैसे बुडतील, अशी तजवीज केली. भरती करणाऱ्याने स्वतःचे काही तारण ठेवल्याचे असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

नातवाला मी 'घेऊ नकोस' असे सांगितलेले नाही. त्याच्या बायकोचे बाळंतपण तोंडावर आहे आणि त्या देशात दवाखान्याचे बिल काय असते हे मला ऐकून माहीत आहे. शिवाय तो नाही बसला तर ती खुर्ची रिकामी राहणार नाही. त्याच्यापेक्षा कमी विचार करणारा कुणी तिथे बसेल. हा युक्तिवाद मी बँकेत अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो दर वेळी खोटा नव्हता. मात्र हो म्हणण्यापूर्वी त्याने आपल्या होणाऱ्या वरिष्ठांना एक गोष्ट विचारावी, असे मी सुचवले. समोर आलेल्या पात्र मुलाला 'तू येऊ नकोस, तुझी आई आजारी आहे, तू आत्ता घरी हवा आहेस' असे मी सांगितले, तर त्या महिन्याच्या माझ्या कागदावर काय लिहिले जाईल? या प्रश्नावर ते हसले तर एक अर्थ. वही काढून नियम दाखवला तर दुसरा.

आणखी एक गोष्ट आहे. सतरा वर्षांच्या मुलाला भरती व्हायचे असेल तर पालकांची लेखी संमती लागते. त्यासाठी सार्जंटला मुलाच्या घरी जावे लागते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसावे लागते. नातवाला जो भाग मिळण्याची शक्यता आहे तिथे बरीच घरे बाहेरून आलेल्यांची आहेत. अशा कितीतरी घरांत आईला इंग्रजी येत नाही, आणि सार्जंट काय म्हणतो ते तिला तिचा मुलगाच भाषांतर करून सांगतो. ज्याला सही हवी आहे तोच दुभाषी! मी त्याला म्हटले, पहिले तीन महिने अशा प्रत्येक घरी बक्षिसाच्या रकमेआधी आठ वर्षांचे कलम काढ, मुलाला बाजूला बसव, आईची भाषा येणारा दुसरा कुणी बरोबर ने, आणि तिला ते कलम वाचून दाखव. नंतर बक्षीस, कॉलेजची फी, काय ते सांग. आणि किती घरांनंतर तुझे वरिष्ठ तुला बोलावून घेतात, ते मला कळव. त्याला उत्तर द्यायला अजून महिनाभर अवधी आहे.